आत्याच्या वजनाची फळी

आत्याने फळीच्या पोटात अंगठा रुतवला, उचलला, आणि पडलेल्या खळग्याकडे ती अशी बघत राहिली की इनासने जणू तिच्यापुढे तीन दिवसांचा बांगडा ठेवला होता.

"ही कुजलीहा," ती म्हणाली.

"बाई, ती मऊच असते," इनास म्हणाला. "वरून फोम आहे. शिकणाऱ्याला हीच बरी. पडलं तरी लागत नाही."

"म्हावरा नरम लागला की काय समजूचा, ता माका शिकवू नको. तीस वर्षां इकतंय मी."

गोव्यात शिवोलीला इनासची शेड होती. बंद पडलेल्या कंपन्यांचं नि कंटाळलेल्या पर्यटकांचं पाण्यातलं सामान तो तिथे जुन्याच्या दरात विकायचा. आम्हाला लाटेवर उभं राहायची फळी हवी होती. होडीच्या मागे जी लाट उठते तिच्यावर उभं राहायचं, त्याला वेकसर्फिंग म्हणतात. हे मला मोबाईलमधून कळलं होतं आणि आत्याला माझ्याकडून. पण पैसे तिचे होते. तिची भिशी लागली होती. त्यामुळे फळी कोणती घ्यायची हेही तीच ठरवणार होती, आणि मालवणच्या मासळीबाजारात चंद्रावतीबाईच्या पुढ्यात उभं राहून तिच्याशी वाद घातलेला माणूस अजून मला भेटायचा आहे.

चंद्रावती ही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लवकर विधवा होऊन देवबागला माहेरी आली आणि दुसऱ्याच आठवड्यात पाटी घेऊन बाजारात बसली. आबा मासे आणायचे, ती विकायची. आमच्या होडीचं नाव सातेरी. पण खलाशी एकेक करून मोठ्या ट्रॉलरवर गेले, आबांचं वय झालं, आणि सातेरी खाडीच्या काठाला नुसती बांधून राहिली. दत्तजयंती झाली की वेंगुर्ल्याचा एक जण ती न्यायला येणार होता.  आबा रोज सकाळी बादली घेऊन जायचे आणि जी होडी कुठे जात नव्हती ती धुवायचे. मला ते बघवत नसे.

मी तेव्हा तारकर्लीला वॉटर स्पोर्ट्सच्या टपरीवर तिकिटं फाडायची. पर्यटक मोबाईल दाखवून विचारायचे, हे आहे का तुमच्याकडे? मालक सांगायचा, नाही, आमच्या बोटींचा पंखा शेपटीला असतो, मागे माणूस ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. एकदा हे ऐकता ऐकता माझ्या डोक्यात वीज चमकली. सातेरीचं इंजिन मधोमध होतं आणि पंखा पोटाखाली. वजनदार होडी, सावकाश चाल. जे या टपऱ्यांना जमत नव्हतं ते आमच्या म्हातारीला जमणार होतं. होडी कमवायला लागली तर आबा ती विकणार नाहीत, एवढं साधं गणित होतं.

"बसणार कोण फळीवर?" इनासने विचारलं.

"ह्या आमचा चेडू. दर्शना."

"आणि गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक येतली."

"मग सगळ्यांत जाड गिऱ्हाईक डोळ्यांपुढे धरा आणि फळी घ्या. लहान माणसाला मोठी फळी चालते, बाई. मोठ्याला लहान नाही चालत."

आत्याने माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. ती खूण मी ओळखत होते. दुकानदार जो माल पुढे सरकवतो तोच त्याला खपवायचा असतो, हा तिचा धंद्याचा पहिला धडा. नरम पडलेली मोठी मासळी आधी गळ्यात मारायची आणि ताजी मागे झाकून ठेवायची, हे ती स्वतःच करत आली होती. मग तिने झाकून ठेवलेलं शोधायला सुरुवात केली. कोपऱ्यात एक निळी फळी होती. अरुंद, टोकदार, टणक, चकचकीत. आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला, दोन ठिकाणी बोटाच्या पेराने वाजवून बघितलं आणि तिचा चेहरा खुलला.

"सुरमय बघ, सुरमय! ही खरी."

"ती शिकलेल्यांची आहे," इनास म्हणाला. "चपळ आहे, पण उचलत नाही."

"आत्ये, तो काय सांगता ता ऐक तरी."

"तू गप रव गो. तुका म्हावऱ्यातला काय कळता?"

 इनासने खांदे उडवले. मनाने तो चांगला होता, त्याने एवढंच सांगितलं की नाही जमलं तर ओरखडा न पाडता परत आणा, बदलून देईन. मग मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. होडीच्या मागच्या एका कोपऱ्यात भरपूर वजन घालायचं. होडी त्या अंगाला कलली की त्या बाजूची लाट उभी राहते. सपाट होडीमागे नुसता फेस.

परतीच्या एसटीत फळी चादरीत गुंडाळून आम्ही दोघींच्या मांडीवर आडवी घेतली. कंडक्टर म्हणाला, "इस्त्रीचा टेबल काय?"

"होडयेचा पोर आसा," आत्या म्हणाली.

"मग अर्धा तिकीट काढ पोराचा."

यावर त्या दोघांची सावंतवाडीपर्यंत जुंपली. शेवटी पोराचं तिकीट निघालं नाही, ते निघणारच नव्हतं.

आबांनी फळी उलटीपालटी करून बघितली आणि फक्त "हं" म्हणाले. त्यांनी एक दिवस होडी चालवायचं कबूल केलं. मला वाटतं, होडी चालवायला काहीतरी निमित्त मिळालं एवढ्यावरच ते खूश होते. पण वजनाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"होडी कलती करूची नाय."

"आबा, त्याशिवाय लाट येणा नाय."

"दर्शने, आयुष्यभर मी एकच काम केलंय. होडी सरळ ठेवलंय. कोण एका बाजूक बसलो तर तेका उठवलंय. आता मीच ती कलती करू?"

आणि आणखी एक नेम होता, आजोबांच्या वेळचा. सातेरीत बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही. आमच्या घरात हा नेम कुणी मोडला नव्हता. मला त्यात कसं बसवायचं याची आबांनी स्वतःच तोड काढली होती. मी होडीत चढायचं नाही, काठावरून पोहत जाऊन मागून दोरी धरायची. पाण्याला काही नेम नसतो, असं ते म्हणाले. आत्या काठावरून आरडाओरडा करणार होती, त्यालाही नेम नव्हता.

तो पहिला दिवस मी विसरणार नाही, आणि गावही विसरलं नाही. निळ्या फळीवर मी पाय टेकवले की ती सुळकन बाजूला जायची. आबांनी होडी पुढे काढली की फळी खाली, मी खाली, आणि दोरी मात्र पुढे. होडीमागे पसरट फेस. मी खाडीचं इतकं पाणी प्यायले की दुपारी जेवणात मीठ लागलं नाही. काठावरची माणसं पहिल्यांदा हळहळली, मग हसायला लागली.

"होडयेचा चुकता!" आत्या काठावरून ओरडली. "लाट खंय आसा?"

"फळयेचा चुकता!" आबा होडीतून ओरडले. "ह्या चेडवाक उचलूक नाय ती, आणि म्हणे सुरमय!"

"तुझ्या होडयेक लाट काढूक येणा नाय!"

"तुका फळी घेवक येणा नाय!"

मी मधे पाण्यात. दोघंही बरोबर होती, पण हे त्यांना सांगायला माझं तोंड रिकामं नव्हतं.

दोन दिवसांनी आत्या स्वतःच फळी चादरीत गुंडाळून तयार झाली.  इनासच्या शेडमध्ये तिने निळी फळी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "बदलून दी. सगळ्यांत जड माणसाक उचलीत अशी."

"किती जड?"

आत्याने शेडमध्ये आणखी कोणी आहे का ते बघितलं. मग पदर खांद्यावरून नीट केला.

"माझ्याएवढा."

इनासने आकडा विचारला नाही. शहाणा माणूस. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि तीच पहिली मऊ फळी ओढून काढली. पिकत आलेल्या पपईच्या रंगाची, जाड, रुंद, टोकाला गोल. दिसायला अगदीच भोंगळ. ती निळीपेक्षा थोडी महाग होती. वरचे पैसे आत्याकडे नव्हते, त्यामुळे तिने पुढच्या आयतवारी एक अख्खी सुरमय आणून द्यायचं कबूल केलं.

"ताजी?" इनासने विचारलं.

"अंगठ्यान दाबून बघ," आत्या म्हणाली. आणि दोघंही पोट धरून हसली.

दुसऱ्या वेळी आम्ही भरतीची सकाळ धरली. वारा नव्हता, खाडी शांत होती. दत्तजयंती चार दिवसांवर आली होती. आबांनी इंजिन चालू केलं, आणि मी काठावरून पुन्हा वजनाचं काढलं.

"आबा, पोत्यात रेव भरूया. मागच्या कोपऱ्यात ठेवया. एकदाच."

"रेव मेलेला वजन. रेव ऐकणा नाय. होडी कलली आणि आडवी लाट इली, तर रेवेक काय सांगशीत, ऊठ म्हणान? माणूस उठता. सांगल्यावर माणूस या बाजूचा त्या बाजूक जाता. कलती करूची तर जित्या वजनान."

"मगे जिता वजन खंयसून हाडूचा?"

आबांनी मान वर केली. ते माझ्या मागे बघत होते. मी वळले. मागे आत्या उभी होती, कासोटा खोचून, कमरेवर हात, ओरडायला सज्ज. देवबागच्या काठावर त्या क्षणी तिच्याएवढं जितं वजन दुसरं नव्हतं.

आधी मला हसू फुटलं. मग आबांचा चेहरा बघून ते विरलं. ते वडिलांचा नेम आणि होडी यांच्यामध्ये उभे होते, आणि चार दिवसांनी होडी जाणार होती. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"बाय," ते म्हणाले, "ये. चढ."

आत्याला ऐकू गेलं होतं, पण ती हलली नाही.

"माका सांगतस?"

"मगे कोणाक?"

ती पाण्यात उतरली. गुडघाभर पाण्यातून होडीपाशी आली, काठाला हात लावला, तो कपाळाला लावला. बाजार डोक्यावर घेणारी ती बाई इतक्या हळू आवाजात बोलली की मला जेमतेम ऐकू आलं.

"खंयचो पाय आदी?"

"उजवो," आबा म्हणाले, आणि हात पुढे केला.

ती मागच्या डाव्या कोपऱ्यात बसली, आणि सातेरी त्या अंगाला अशी कलली की आबांनी डोळेच मिटले. सवयीने त्यांच्या तोंडून "मधी बस, मधी" निघालं, आणि मग स्वतःलाच गप्प करून ते म्हणाले, "नाय, बस. आणखी फाटी सर."

होडी निघाली. मी दोरी धरून, पपईवर पाय टेकवून पाण्यात पडून राहिले होते. दोरी ताणली, फळी पायांखाली वर आली, आणि जे निळ्या फळीवर एकदाही झालं नव्हतं ते झालं. ती थांबली. मी उभी राहीपर्यंत ती मुकाट्याने थांबली, गरीब म्हशीसारखी. माझ्या डाव्या हाताला लाट उभी होती. हिरवी, गुळगुळीत, कमरेएवढी, आणि ती सरतच नव्हती, होडी जाईल तिथे येत होती. दोरी सैल पडली तेव्हा मला कळलं की आता होडी मला ओढत नाही, लाटच ढकलतेय. मी दोरी सोडून दिली. मला इतका आनंद झाला की मी रडले आणि ओरडले, दोन्ही एकदम.

"आत्ये! सुटलंय मी! दोरी सोडलंय!"

"बघतंय गो! बघतंय!" आत्या ओरडली, आणि हात हलवायला म्हणून उभी राहिली. लाट तत्काळ मेली, आणि मी धपकन पाण्यात.

त्या दिवशी दुपार होईपर्यंत आत्या होडीतून उतरली नाही. मला आबांनी हात देऊन वर घेतलं, म्हणजे तो नेम तिथेच संपला. आत्या एकेका वस्तूवर हात ठेवून विचारत होती. ह्या काय? जाळा खंयसून सोडतत? तू खंय निजायचंस? आबा उत्तरं देत होते. आपण विकलेल्या प्रत्येक माशाचं घर बघावं तशी ती सगळं बघत होती.

"विश्राम," ती शेवटी आबांना म्हणाली, "ह्या होडयेचा म्हावरा मी तीस वर्षां इकलंय. लोक विचारायचे, बाय, खंयचा म्हावरा? मी सांगायचंय, आमच्या होडयेचा. आमच्या म्हणायचंय. आणि आत काय आसा ता माका म्हायत नाय. लहान असताना एकदा चढूक गेलंय, तर बाबांनी कान पिळल्यानी. त्यावेळचा राहिला होता ता."

भिशीचे पैसे तिने कशासाठी काढले होते ते मला तेव्हा उमगलं. मी आपली होडी वाचवायच्या हिशेबात होते. तिला होडी वाचायला हवी होतीच, पण त्याआधी तिला एकदा तिच्यात बसायचं होतं. आबा तोंड फिरवून इंजिन पुसत बसले. त्यांचे डोळे भरले होते, मी बघितलं.

"आणि आता," आत्या म्हणाली, "माका ती फळी."

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. तिने विचारल्याचं आश्चर्य नव्हतं. पण आत्या फळीवर गेली की होडी सरळ, आणि होडी सरळ की लाट नाही. जिच्यामुळे लाट उठत होती तिलाच ती मिळणार नव्हती. मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग नेहमीपेक्षा लवकर घरी गेली, आणि अर्ध्या जेवणावरून उठली.

सकाळी उठले तर आबा अंगणात नव्हते. मी काठावर गेले. आबा उघड्या अंगाने, गुडघ्यावर बसून, तांदळाच्या पोत्यांत रेव भरत होते. बरीच पोती भरून झाली होती.

"आबा, रेव ऐकणा नाय ना?"

"आयकात," ते वर न बघता म्हणाले. "ह्या बघ." सगळी पोती त्यांनी एकाच दोरीत गुंफली होती आणि टोकाला सुटी गाठ घातली होती. आडवी लाट आली की एक झटका, आणि पोती तोंड उघडून कलंडणार, रेव खाडीत. रात्री झोपेऐवजी त्यांनी हेच केलं असणार.

"किती पोती घातलात?"

"बायेएवढी," ते म्हणाले. "तिका सांगू नको."

लाईफ जॅकेट आत्याला पुढून बंद होईना, म्हणून ते सुंभाने बांधलं. पोहणं तिला लहानपणापासून येत होतं, खाडीकाठी वाढलेल्या माणसाला ते कुणी शिकवत नाही. मी होडीत मागे बसून तिच्यावर डोळा ठेवला. पहिल्यांदा ती तोंडावर पडली. दुसऱ्यांदा पाठीवर. तिसऱ्यांदा गुडघ्यांवर आली आणि तशीच थोडा वेळ राहिली, देवापुढे बसल्यासारखी. प्रत्येक वेळी पाण्यातून वर येऊन ती आधी फळीला, मग भावाला आणि मग इनासला शिव्या घालायची. पण पपई तिला उचलत होती. ती खरोखर उचलत होती.

मग एकदा दोरी ताणली, आणि आत्या उभी राहिली.

वाकलेली, पाय फाकवलेले, लुगडं पोटऱ्यांना चिकटलेलं, अंबाडा सुटलेला. तिच्या बाजूला ती हिरवी लाट. आत्याने दोरी सोडली नाही, ती पाटी उतरवावी तशी सावकाश खाली ठेवली. आणि मग दोन्ही हात पसरून ती नुसतीच येत राहिली आमच्यामागे.

"विश्राम!" ती ओरडली. "मेल्या, फाटी बघ! एकदा फाटी बघ!"

सुकाणूवरचा माणूस पुढे बघतो. आबांना मी आजवर मागे वळलेलं पाहिलं नव्हतं. ते वळले. किती वेळ ते तसेच वळून उभे होते, आणि तेवढा वेळ सातेरी कुठे जात होती, ते सातेरीलाच ठाऊक. ते हसत होते. त्यांच्या तोंडात दात थोडे राहिले होते, ते सगळे दिसत होते.

आत्या पडली, तेव्हा आम्ही होडी फिरवून तिला वर घेतलं. तिला वर घ्यायला आम्हा दोघांचा जोर लागला. ती फळकुटावर बसून धापा टाकत होती, नाकातून पाणी गळत होतं, आणि चेहरा लग्नातल्या नवरीला लाजवेल असा.

"कशी लागता?" आबांनी विचारलं.

"सांगूक येणा नाय," आत्या म्हणाली.

 आबा माझ्याकडे वळले.

"दर्शने, त्या वेंगुर्लेकराक फोन लाव. सांग, होडी इकूची नाय."

मी फोन शोधायला लागले, तोवर ते सुकाणूपासून बाजूला झाले होते.

"बाय, ह्या धर," ते म्हणाले. "सरळ जा, पुढे बघ. आता माका बघूचा आसा." आणि लाईफ जॅकेट ओढून ते फळीकडे निघाले.